सातव्या बरणीतलं मूळ

१

पुण्याच्या प्रयोगशाळेतून आलेला अहवाल एकाच पानाचा होता. प्राचार्यांनी तो वाचून दाखवला नाही, नुसता टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

'नमुना क्रमांक ७. बोएराव्हिनोन : आढळले नाही.'

पुनर्नवेच्या मुळात जी औषधी द्रव्यं सापडतात, त्यांतलं हे एक. ऋतुजा वाघमोडे या मुलीनं चार वर्षं पुनर्नवेच्या मुळाची रचना आणि रसायनं तपासून प्रबंध लिहिला होता. माळशिरसकडच्या एका खडकाळ माळावरच्या मुळात हे द्रव्य इतर ठिकाणच्या तिप्पट असतं, हा त्या प्रबंधाचा कणा. ते मूळ सातव्या बरणीत होतं. आणि आता त्यात द्रव्याचा मागमूसही नव्हता.

"यशोदाताई, शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येतायत," प्राचार्य म्हणाले. "त्यांना कुणीतरी पत्र पाठवलं, आकडे संशयास्पद आहेत म्हणून. त्यांनीच ही फेरतपासणी मागितली. आता पोरीनं आकडे रचले असं म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. नोंदणी रद्द होईल. पण मला ती पोर खोटारडी वाटत नाही."

मी औषध निरीक्षक म्हणून तीस वर्षं नोकरी केली. पोत्यांत हात घालून मुळ्या मोडायच्या, हुंगायच्या, आणि व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, हे माझं काम. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. सोलापुरात माझ्यासारखं रिकामं आणि मुळ्या ओळखणारं माणूस दुसरं नव्हतं, म्हणून मला बोलावणं आलं.

"बरणी कुणी बदलली असेल," मी म्हटलं.

"तेच तर अवघड आहे. चाचण्या संपल्यावर, वर्षापूर्वी, बाराही बरण्या एकाच दिवशी सील केल्या. झाकणावरून काचेपर्यंत कापडी पट्टी, तिच्यावर लाख, पट्टीवर ऋतुजाची आणि तिच्या मार्गदर्शकाची सही. सातवी बरणी तिघांच्या समितीसमोर उघडली. तिघांत मी होतो." ते थांबले. "सील शाबूत होतं. अगदी केसभरही हललेलं नव्हतं."

२

ऋतुजाला प्रयोगशाळेत यायची मनाई होती, म्हणून आम्ही वनस्पतिशास्त्र विभागाबाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसलो. हडकुळी, उन्हानं रापलेली मुलगी. डोळे कोरडे होते, पण आवाज बसलेला.

"मॅडम, आमची मेंढरं हाईत. मेंढराला सूज आली की माझा बाप हरिबा हेच मूळ उगाळून घालतो. मी चालायला लागले तवापासून ही वेल बघते. ती ओळखायला मला पुस्तक लागत न्हाई." मग तिनं स्वतःला सावरलं आणि शहरी भाषेत आली. "ते मूळ मी स्वतः खणलंय. चाचणी तीन वेळा केली. तिन्ही वेळा तेवढंच आलं."

"तुझ्या यशावर कुणाचा डोळा होता?"

ती म्हणाली, "मला वाटलं होतं सगळ्यांना आनंद झालाय."

मी आत गेले. विभागाचे प्रयोगशाळा सहायक चन्नवीर दारातच भेटले. अक्कलकोटकडचे, घर आता होटगीला, चौतीस वर्षांची नोकरी. पांढरा डगला, आणि कमरेच्या करदोट्याला एक छोटी किल्ली. बोलता बोलता हात सारखा तिच्याकडे जायचा.

"सातव्या बरणीतलं मूळ उरलंय ना?" मी विचारलं. "त्याचा छेद घेता येईल?"

"येईल की." त्यांनी भिजवलेल्या मुळाचा तुकडा दोन बोटांत धरला आणि साध्या वस्तऱ्यानं चकत्या पाडल्या. इतक्या पातळ, की पाण्यात पडल्यावर त्या दिसेनाशा झाल्या. मी आयुष्यात असा हात पाहिला नव्हता. त्यांनी एक चकती काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शक खिडकीकडे वळवला, आणि कपाटातून दोन जुन्या काचपट्ट्या आणून माझ्या शेजारी ठेवल्या. एक पुनर्नवेची, एक खापऱ्याची. "तुलनेला लागतील तुमाला."

मी डोळा लावला. पुनर्नवेच्या मुळात काही पेशींत सुयांच्या जुड्या असतात, चुन्याच्या लखलखीत, बारीक सुया. मी पाच मिनिटं शोधत होते. सुई एकही नव्हती. होते ते काटेरी गोळे, बाभळीच्या फुलासारखे.

खापऱ्याची काचपट्टी लावून पाहिली. तेच गोळे.

खापरा म्हणजे दिसायला पुनर्नवेचा चुलतभाऊ. बाजारात एकाच्या नावावर दुसरा सर्रास खपतो. त्या पोत्यांशी माझी जुनी ओळख होती.

म्हणजे पुण्याची प्रयोगशाळा चुकली नव्हती. सातव्या बरणीत, शाबूत सीलच्या आत, पुनर्नवा नव्हतीच.

३

"मग झालंच ना स्पष्ट," डॉ. अवधूत उपाध्ये म्हणाले. ऋतुजाचे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख. "तिनं मुळातच चुकीची वनस्पती खणली. मुलगी कष्टाळू आहे, पण घाई करते."

"चुकीची वनस्पती खणली असती तर तीन चाचण्यांत तिप्पट द्रव्य कसं आलं?"

"आलं असं ती म्हणते."

"यंत्राच्या नोंदींवर तुमच्या सह्या आहेत, सर."

त्यांनी चष्मा पुसला. त्यांच्या मागच्या भिंतीवर चौकटीत त्यांचा जुना शोधनिबंध लावलेला होता. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"बावीस वर्षांपूर्वीचा," ते म्हणाले. "पुनर्नवेवरचाच. जमीन आणि ऋतू यांनी मुळातल्या द्रव्यात फरक पडत नाही, असा निष्कर्ष होता. खूप ठिकाणी उद्धृत झाला."

"ऋतुजाचं काम बरोबर ठरलं तर तो चूक ठरतो."

"विज्ञानात असं होतच असतं." वाक्य योग्य होतं, आवाज नव्हता.

"अहवाल येऊन अकरा दिवस झाले. उरलेल्या मुळाचा एक छेद घेऊन पाहायला पाच मिनिटं लागतात. तुम्ही का पाहिला नाहीत?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. शेवटी ते हळू म्हणाले, "मला वाटलं, खरंच द्रव्य नसेल. मला तसं वाटून घ्यायला... बरं वाटलं."

परीक्षकांना पत्र कुणी लिहिलं हे शोधायला वेळ लागला नाही. ऋतुजाची सहकारी सोनम हिला मी ग्रंथालयात गाठलं आणि नुसतं विचारलं, "पत्रात काय लिहिलं होतंस?" तिच्या हातातली वही खाली पडली.

"खोटं काही नाही लिहिलं," ती म्हणाली. "आकडे जास्त वाटतात, एवढंच. दोघींनी एकाच दिवशी काम सुरू केलं मॅडम. माझी रोपं दोनदा मेली. सर माझा मसुदा तीन महिने बघत नाहीत, आणि तिचा एका रात्रीत वाचतात. नवीन मायक्रोटोम आला, ते छेद घ्यायचं यंत्र, तर पहिला हात तिचा. डिसेंबरच्या चर्चासत्रात ती बोलत होती, तेव्हा सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. ती म्हणाली, यंत्राचा छेद एकसारखा येतो, हातानं घेतलेल्या छेदावर विसंबता येत नाही. सगळे माना डोलवत होते. हे साधं वाक्यही कौतुकाचं झालं. मी काहीही बोलले तर कुणी मानसुद्धा वर करत नाही."

"बरणीला हात लावलास?"

"नाही! आईची शपथ. मला फक्त वाटत होतं की कुणीतरी तिला एकदा तरी विचारावं, हे खरं कशावरून."

ती रडायला लागली. मला तिची चीड यायला हवी होती, पण आली नाही. मलाही एकेकाळी संशोधन करायचं होतं. माझ्याबरोबरची मैत्रीण पुढं गेली, मी पोत्यांत हात घालत राहिले, आणि तिच्या लेखात चुका शोधायची सवय मला वर्षानुवर्षं होती.

पण पत्र लिहिणं वेगळं आणि बंद सीलच्या आतलं मूळ बदलणं वेगळं. गुरुवार उजाडला तरी ते कसं झालं हे मला कळलेलं नव्हतं.

४

गुरुवारी सकाळी मी बाराही बरण्या ओळीनं मांडायला सांगितल्या. एकसारख्या काचेच्या, एकसारख्या झाकणांच्या. सीलवर तारीख आणि सह्या, आणि सगळ्या एकाच दिवशी बंद केलेल्या असल्यामुळं तीही सगळीकडे एकच. पहिल्या अकरा बरण्यांत वेगवेगळ्या गावांची पुनर्नवा. बाराव्या बरणीत खापरा, तुलनेसाठी ऋतुजानं मुद्दाम गोळा केलेला.

मी वाकून एकेक सील पाहिलं. सातवीचं समितीनं कापलेलं, बाकी सगळी निर्दोष. कुणी लाख वितळवली नव्हती, पट्टी उचकटली नव्हती. मी कंटाळून खुर्चीत बसले, आणि तेव्हा बरण्या माझ्या डोळ्यांच्या रेषेत आल्या.

तीस वर्षं मी एक चूक करू नका असं नव्या निरीक्षकांना सांगत आले होते, की झाकणाकडे बघताना बाटली विसरू नका. आणि मी तीच केली होती.

बरणी कोणती हे सीलवर कुठंच लिहिलेलं नव्हतं. आकडा आणि गाव होतं ते बरणीच्या पोटावरच्या कागदी चिठ्ठीवर.

दहा बरण्यांवरच्या चिठ्ठ्या सरळ बसल्या होत्या. सातवीवरची चिठ्ठी किंचित तिरपी होती, आणि तिच्या वरच्या कडेला काचेवर जुन्या डिंकाची पिवळट रेघ उघडी पडली होती. बारावीवरही तशीच रेघ.

"प्राचार्यांना बोलवा," मी चन्नवीरांना म्हटलं. "बारावी बरणी उघडायचीय."

प्राचार्य आले, डॉ. अवधूत आले. माझ्या सांगण्यावरून ऋतुजालाही आत घेतलं. लाख फोडली, पट्टी कापली. मी मूळ ऋतुजाच्या हातात दिलं. तिनं ते मोडलं, नाकाशी नेलं, आणि तिचा चेहराच बदलला.

"हे माझं हाय," ती म्हणाली. "आमच्या माळाचं हाय!"

चन्नवीर वस्तरा घेऊन पुढं झाले. "थांबा," मी म्हटलं, "तिला घेऊ द्या." पहिले दोन छेद जाड आले, तिसऱ्या प्रयत्नात चांगला छेद आला. डॉ. अवधूतांनी स्वतः डोळा लावला. खूप वेळ ते वर आले नाहीत.

"सुया," ते शेवटी म्हणाले. "जुड्याच्या जुड्या आहेत."

मूळ कुठंही गेलं नव्हतं. कुणी सीलला हात लावलाच नव्हता. दोन चिठ्ठ्या भिजवून काढायच्या आणि अदलाबदल करून चिकटवायच्या, दहा मिनिटांचं काम. प्राचार्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी सोडला नाही. ती दहा मिनिटं कुणाची, हे अजून राहिलं होतं.

५

सगळे गेल्यावर मी त्या दोन चिठ्ठ्या अलगद सोडवल्या. ताडून पाहायला तिसऱ्या बरणीचीही एक सोडवली. तिघींच्या पाठीवर आयोडिनचा एकेक थेंब टाकला. पिष्टमय पदार्थ असला की आयोडिन निळं पडतं, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. तिसरीवर थेंब पिवळाच राहिला, कारण ऋतुजानं चिठ्ठ्या डिंकानं लावल्या होत्या. सातवी आणि बारावी मात्र काळ्यानिळ्या झाल्या.

मैद्याची खळ. आणि थेंब न लागलेल्या कडेला तिला अगदी अंधुक हिरवट झाक होती.

चन्नवीर टेबलं पुसत होते. मी म्हटलं, "वाळवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवायला तुम्ही खळ करता ना? त्यात काय घालता?"

"मोरचूद. कीड लागत न्हाय."

"ती कुठं ठेवता?"

"कुलपात. विष हाय ते. एकदा मांजर मेलं चाटून, तवापासून..." ते बोलायचे थांबले. हात कमरेच्या किल्लीवर गेला होता. त्यांनी तो खाली घेतला.

"किल्ली एकच?"

"एकच."

मी समोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांनाही बसायला सांगितलं. ते बसले नाहीत.

"पहिल्या दिवशी मी फक्त छेद मागितला होता," मी म्हटलं. "पुनर्नवेच्या जागी काय असेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. भेसळ म्हणून चार-पाच मुळ्या खपतात. तुम्ही नेमकी खापऱ्याची काचपट्टी काढून आणलीत, मी डोळा लावायच्या आधी. तेव्हा मला ते तुमचं कसब वाटलं. आणखी एक. जिला बुडवायचं तिचं मूळ कुणीही फेकून दिलं असतं. हे ज्यानं केलं, त्यानं एक काडीसुद्धा वाया जाऊ दिली नाही. ते परत जागेवर यावं असंच त्याला वाटत होतं."

चन्नवीरांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. मग ते बोलले.

"चर्चासत्रात मी मागं उभा होतो बाईसाहेब. पडद्याची वायर धरून. अव्वा बोलली, हातानं घेतलेल्या छेदावर विसंबता येत न्हाय." ऋतुजाला ते अव्वा म्हणत, कानडीत लेकीला लाडानं 'आई' म्हणतात तसं. "लेकीगत शिकवलं की तिला. बोटं कापून घ्यायची, रडायची, परत धरायची. दोन वर्षं रोज सकाळी माझ्याकडं. मग ते यंत्र आलं. त्या दिवसापासून माझ्या टेबलाकडं फिरकली न्हाय. यंत्राची धूळ पुसते, मला नमस्कार बी दुरूनच."

"म्हणून?"

"म्हणून वाटलं, परीक्षेआधी ती बरणी उघडंल, यंत्रावर कापंल, सुया दिसणार न्हाईत. घाबरंल. काका, काका करत येईल. मी एक चकती काढीन आणि सांगीन, अव्वा, हा खापरा हाय, चिठ्ठी बदललीय बघ." त्यांनी डोळे मिटले. "तेवढंच. एकदा तिनं यावं. पण मधीच ते पत्र गेलं, आणि बरणी माझ्या डोळ्यांदेखत समितीपुढं गेली, तितनं पुण्याला. मग लई भ्यालो. तोंड उघडंना. तुमी आलात तेव्हा काचपट्टी ठिवली. म्हटलं, ह्या बाईला तरी दिसू दे."

"तिला मनाई झाली, ती रोज त्या बाकावर बसलेली तुम्ही पाहिलीत."

"व्हय," ते म्हणाले. "रोज."

तेवढ्यात दार हललं. ऋतुजा आपली वही न्यायला आली होती. ती किती वेळ तिथं उभी होती, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

६

चन्नवीर तिच्याकडे वळले आणि हात जोडायला गेले. तिनं एक पाऊल मागं घेतलं.

"काका, माझ्या बापानं चार दिवस झाले जेवण सोडलंय," ती म्हणाली. "त्याला वाटतंय त्यानं दाखवलेली वेलच चुकीची होती. तीस वर्षं मेंढरांना काय घातलं म्हणून डोकं धरून बसलाय."

चन्नवीरांनी जोडायला उचललेले हात खाली घेतले.

"यंत्राचं मी बोलले ते खरं होतं. पेशींची मापं घ्यायला हाताचा छेद चालत न्हाई. पण तुम्हाला लागलं असेल हे माझ्या डोक्यातबी आलं न्हाई. ती माझी चूक. तुम्ही मला तसं सांगायचं होतं की. रागवायचं होतं. थोबाडीत मारायची होती." तिनं वही छातीशी धरली. "तक्रार मी करणार न्हाई. पण परत मला अव्वा म्हणू नका."

ती बापाला फोन करायला बाहेर गेली.

मी अहवालात सगळं लिहिलं. चिठ्ठ्या बदलणारे हात कुणाचे, पत्र कुणाचं, आणि पाच मिनिटांची तपासणी अकरा दिवस टाळणारे कोण. प्राचार्यांनी विचारलं, शेवटचे दोघे कशाला? मी म्हटलं, एकट्या चन्नवीरांनी फक्त एक खोड काढली होती, तिची फाशी व्हायला तिघं लागले.

शुक्रवारी परीक्षक आले. वयस्कर, तिरसट माणूस. त्यांनी माझा अहवाल वाचला, मग दोन्ही मुळ्या मागितल्या आणि म्हणाले, "यंत्र राहू द्या. माझ्यासमोर हातानं कापून दाखवा."

ऋतुजानं वस्तरा उचलला. आज पहिल्याच प्रयत्नात जमलं. पाण्यात चकत्या पडल्या आणि दिसेनाशा झाल्या. परीक्षकांनी एक उजेडाकडे धरली आणि पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी गेली.

"असा छेद मी वीस वर्षांत पाहिला नाही. कुणी शिकवलं?"

दाराशी चन्नवीर पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. खोलीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. ऋतुजानं तिकडे पाहिलं नाही. तिला डॉ. अवधूतांचं नाव घेता आलं असतं, कुणी हरकत घेतली नसती.

"इथले सहायक आहेत, चन्नवीर हत्तुरे," ती म्हणाली. "त्यांनी शिकवलं."

चन्नवीरांनी तांब्या हळूच टेबलावर ठेवला आणि ते निघून गेले.

त्याच दिवशी तिला पदवीसाठी शिफारस मिळाली. हरिबा दोन दिवसांनी आला, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि डॉ. अवधूतांकडे न जाता परत गेला. अवधूतांनी आपला जुना निष्कर्ष चुकला असल्याचं पत्र नियतकालिकाला पाठवलं. भिंतीवरची चौकट मात्र त्यांनी काढली नाही. सोनमनं मार्गदर्शक बदलले. आता ती बरं काम करते असं ऐकते.

चन्नवीरांवर ताशेरे आले. चार महिन्यांनी ते निवृत्त होऊन होटगीच्या घरी बसले. निरोप समारंभाला ऋतुजा आली नाही.

या वर्षी ती त्याच विभागात शिकवायला लागली. जूनमध्ये तिनं पहिल्या वर्षाच्या चार मुलींना एक पत्ता लिहून दिला आणि शनिवारच्या गाडीनं होटगीला पाठवलं, जाताना वस्तरा घेऊन जा म्हणाली. तेव्हापासून दर शनिवारी मुली जातात आणि बोटांना पट्ट्या बांधून हसत परत येतात.

ती स्वतः अजून गेलेली नाही. मुलींना मात्र दर सोमवारी विचारते, काय शिकवलं, आणि त्या सांगत असतात तोवर हातातलं काम थांबवून ऐकत राहते.